कुत्र्याच्या परवान्यात सापडलेला पणजोबा

आयरिश पूर्वज शोधायला निघालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगतं, ‘फार काही मिळायचं नाही, १९२२ साली सगळं जळलं.’ हे निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं जास्त मजेचं आहे. कुठला कागद जळला, कुठल्याचा लगदा झाला आणि कुठला वाचला, याच्यामागं जवळजवळ प्रत्येक वेळी राजकारण होतं. त्यामुळं आयर्लंडमध्ये नुसती घरची वंशावळ काढायला बसलेला माणूसही चार-दोन महिन्यांत देशाच्या इतिहासात गळ्यापर्यंत बुडालेला असतो.

आधी जळण्याची गोष्ट. डिसेंबर १९२१ मध्ये आयरिश प्रतिनिधींनी ब्रिटनशी तह केला. राज्य मिळालं, पण अटींसकट. उत्तरेच्या सहा काउंटींना, म्हणजे जिल्ह्यांना, बाहेर राहायची मुभा होती आणि आयरिश लोकप्रतिनिधींना ब्रिटिश राजाशी इमान राखण्याची शपथ घ्यावी लागणार होती. डब्लिनच्या संसदेनं हा तह ६४ विरुद्ध ५७ मतांनी कसाबसा मंजूर केला. कालपर्यंत एकाच खंदकात असलेली माणसं दोन बाजूंना गेली. तहविरोधी गटानं एप्रिल १९२२ मध्ये डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतींचा ताबा घेतला. देशाचा दफ्तरखाना त्याच आवारात होता. २८ जूनला तहाच्या बाजूच्या मायकेल कॉलिन्सच्या सरकारनं ब्रिटिशांकडून उसन्या आणलेल्या तोफांनी मारा सुरू केला. ३० जूनला दुपारच्या सुमारास दफ्तरखान्याच्या बाजूला प्रचंड स्फोट झाला आणि तेराव्या शतकापासून जपलेले कागद धुरात गेले. अर्धवट जळलेली पानं वाऱ्याबरोबर शहरभर उडाली, काही तर शहराबाहेरच्या हाउथच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचली. दोष कुणाचा, आत दारूगोळा साठवणाऱ्यांचा की बाहेरून तोफा डागणाऱ्यांचा, हा वाद तिथं अजून मिटलेला नाही.

दफ्तरखान्यातले अधिकारी हर्बर्ट वुड यांनी १९१९ मध्ये, म्हणजे जेमतेम तीन वर्षं आधी, आत काय काय आहे याची तपशीलवार सूची छापून ठेवली होती. त्यामुळं नेमकं काय गेलं हे आज समजतं. जखमेवर मीठ म्हणा हवं तर. पण शंभर वर्षांनी हीच यादी कामाला आली. ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकारानं २०२२ मध्ये सुरू झालेल्या आभासी दफ्तरखान्यात, जळालेल्या कागदांच्या जगभर विखुरलेल्या नकला आणि उतारे शोधून वुड यांच्या यादीप्रमाणं पुन्हा जागच्या जागी लावले जात आहेत.

आता त्या ‘सगळं जळलं’चा हिशेब लावू. आयर्लंडची पद्धतशीर जनगणना १८२१ पासून दर दहा वर्षांनी झाली. पहिल्या चार जनगणनांची, म्हणजे १८२१ ते १८५१ ची, घरोघरची पानं खरोखरच १९२२ मध्ये गेली. इकडंतिकडं काही तुकडे उरले. पण १८६१ आणि १८७१ ची पानं आकडेवारी काढून झाल्यावर सरकारनंच नष्ट करून टाकली होती. १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगद्यात गेली. म्हणजे आठातल्या चार जनगणनांचा बंडखोरांशीही संबंध नाही आणि तोफांशीही. कारकुनी निर्णयानं गेलेल्या गोष्टीला स्फोटाचा आवाज नसतो, म्हणून ती कुणाच्या लक्षात राहत नाही.

पुढची १९२१ ची जनगणना स्वातंत्र्ययुद्धामुळं झालीच नाही. नव्या राज्याची पहिली १९२६ मध्ये झाली. ती पानं शंभर वर्षं बंद ठेवायच्या नियमात बसते, म्हणून तिची पानं खुली करण्यासाठी एप्रिल २०२६ ठरवला गेला. उत्तर आयर्लंडनं त्याच वर्षी केलेल्या जनगणनेची पानं मात्र उरलेली नाहीत.

राहिल्या १९०१ आणि १९११. या दोन्ही संपूर्ण आहेत, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, आणि कुटुंबप्रमुखानं भरून सही केलेलं मूळ पान पडद्यावर दिसतं. १९११ च्या पानावर एक रकाना असा आहे की तिथं नजर अडकतेच. विवाहित बाईनं सांगायचं होतं: लग्नाला किती वर्षं झाली, जिवंत जन्मलेली मुलं किती, आज हयात किती. अकरा आणि सात, नऊ आणि चार, अशा आकड्यांच्या जोड्या ओळीनं दिसत जातात. विधवांनी हा रकाना भरायचा नव्हता, तरी कितीतरी जणींनी भरला. मग अधिकाऱ्यानं नियमाप्रमाणं त्यावर रेघ मारली. रेघेखालचे आकडे आजही वाचता येतात, आणि एखाद्या घरातल्या गेलेल्या लेकरांची कुठंतरी झालेली मोजणी म्हणजे तेवढीच एक ओळ असते.

१९०१ आणि १९११ ची पानं शेजारी ठेवली की आणखी एक गंमत दिसते. दहा वर्षांत पंधरा-सोळा वर्षांनी म्हातारी झालेली माणसं जागोजाग भेटतात. कारण पेन्शन. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन सुरू झाली. पण सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद आयर्लंडमध्ये १८६४ पासूनची. सत्तर वर्षांच्या माणसाकडं दाखला असणार कुठून? आपल्याकडं जसं ‘प्लेगच्या साली झालेला’ म्हणायचे, तसं तिथं ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ हा खुणेचा दगड होता. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आलेल्या वादळानं देशभर घरांची छपरं उडवली होती. ते वादळ आठवतं असं सांगणारा म्हातारा आपोआप सत्तरीचा ठरे, आणि १९०९ मध्ये ते आठवणाऱ्यांची संख्या फारच वाढली. खोटं म्हणावं तर अनेकांना आपलं वय खरंच ठाऊक नव्हतं.

यातूनच एक अनपेक्षित ठेवा तयार झाला. वयाचा पुरावा हवा म्हणून पेन्शन कचेऱ्या दफ्तरखान्याला विचारत: अमक्याचं नाव १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत सापडतं का? कारकून शोधून उत्तर लिहीत. आईबापांची नावं, घराचा पत्ता, त्या वेळचं वय. मूळ जनगणना जळली, पण चौकशीचे हे फॉर्म वाचले. एखाद्या कुटुंबाचा दुष्काळाच्या आधीचा उरलेला एकमेव पुरावा म्हणजे सत्तर वर्षांनंतर पाच शिलिंगांसाठी भरलेला अर्ज.

दुष्काळाचं महत्त्व इथं सांगायला हवं. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढची काही वर्षं पडतच राहिला. गरिबांचं जवळजवळ सगळं पोट बटाट्यावर होतं. सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ ची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती, ती १८५१ मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली. जगभरच्या अनेक आयरिश घराण्यांचा माग याच दशकात तुटतो. पलीकडं जायचं तर दुष्काळाच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन टेकू लागतात. दोन्ही टेकू करवसुलीचे आहेत.

पलीकडचा म्हणजे १८२३ ते १८३७ मधल्या दशमांशाच्या वह्या. शेती करणाऱ्या प्रत्येकानं, तो कॅथलिक असला तरी, सरकारमान्य प्रोटेस्टंट चर्चला हा कर द्यायचा. दुसऱ्याच्या देवळासाठी आपल्या शेतातून वर्गणी. यावरून १८३० च्या दशकात दंगे झाले, रक्त सांडलं. अलीकडचा म्हणजे रिचर्ड ग्रिफिथ यांनी केलेली मालमत्तेची आकारणी, १८४७ ते १८६४. गरीबखान्यांचा खर्च भागवायला स्थानिक कर बसवायचा होता, त्यासाठी देशातला तुकडा न् तुकडा मोजला गेला. कब्जात कोण, जमीनदार कोण, घर-गोठा काय, क्षेत्र किती, किंमत किती. बायका-मुलांची नावं नाहीत, वय नाही. फक्त कर भरणारा. एका गावात दोन मायकेल मर्फी असले तर कारकून एकाच्या पुढं कंसात बापाचं नाव टाकतो. वंशावळ शोधणाऱ्याला तो कंस म्हणजे लॉटरी.

ग्रिफिथची छापील आकारणी बरेच जण पाहतात आणि थांबतात. खरी गंमत तिच्या पुढच्या दुरुस्ती-वह्यांत आहे. कूळ बदललं की जुन्या नावावर काट मारून नवं नाव लिहायचं, आणि ज्या फेरीत बदल केला त्या फेरीची शाई वेगळ्या रंगाची. एकाच ओळीवर लाल, निळी, हिरवी अशी नावं चढत जातात. बाप मेला, मग विधवेचं नाव, मग थोरला मुलगा, मग एकदम अनोळखी आडनाव: घर अमेरिकेला गेलं असणार. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमीनदारांकडून जमीन कुळांनी विकत घेतल्याचे शिक्के दिसायला लागतात. आपल्या कूळकायद्याशी परिचय असलेल्याला त्या शिक्क्यांचं मोल वेगळं सांगायला नको. १८७९ पासून चाललेल्या जमिनीच्या चळवळीचं फळ एका घराच्या ओळीत कधी पडलं, ते तारखेनिशी कळतं.

या सगळ्यात शोध लावायचा तर गावाचं नाव लागतं, आणि इथं बहुतेकांची गाडी अडते. मर्फी हे देशातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. नुसता ‘जॉन मर्फी, आयर्लंड’ घेऊन काही होत नाही. आपल्याकडं आडनावातच पत्ता असतो. २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर घ्या: वडील मुंबईचे डॉक्टर, घराणं मालवण तालुक्यातल्या वराडचं, आणि आडनावावरूनच गाव सांगता येतं. आयरिश आडनाव कुळाचं नाव सांगतं, गावाचं नाही. त्यातून मुलांची नावं ठेवायची जुनी रीत अशी: थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. त्यामुळं पाच भावांच्या घरी पाच चुलतभाऊ एकाच नावाचे. त्यांना वेगळं करायचं ते टाउनलँडवरून. टाउनलँड म्हणजे गावाहून लहान, स्वतःचं नाव आणि हद्द असलेली जमीन. देशात अशा साठ हजारांहून अधिक आहेत. परदेशातल्या थडग्यावर, एखाद्या जुन्या पत्रात, मृत्यूच्या बातमीत हे नाव मिळालं की शोध सुरू झाला असं समजायचं. त्याआधीचा सगळा अंदाज.

मग येतात चर्चच्या वह्या, आणि इथं इतिहासानं उलटा डाव टाकलाय. प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंड हे राज्याचं अधिकृत चर्च होतं. १८७१ पासून ते सरकारपासून वेगळं झालं आणि त्याच्या जुन्या नोंदवह्या सार्वजनिक दस्तऐवज ठरल्या. अनेक वह्या मोठ्या काळजीनं डब्लिनच्या दफ्तरखान्यात सुरक्षित ठेवायला पाठवल्या गेल्या. त्या १९२२ मध्ये जळल्या. कॅथलिक चर्चला शतकभर कायद्यानं चेपलेलं; त्याच्या वह्यांची सरकारला फिकीर नव्हती. त्या खेड्यापाड्यांत पाद्र्याच्या घरी, ओलीत, उंदरांत पडून राहिल्या आणि वाचल्या. ज्याला राज्यानं मोजलं नाही त्याची नोंद उरली. राष्ट्रीय ग्रंथालयानं २०१५ मध्ये या वह्यांची छायाचित्रं फुकट खुली केली. वाचायला डोळ्यांची तयारी हवी: अक्षर गिचमिड, शाई फिकट, नावं लॅटिनमध्ये, त्यामुळं जेम्सचा जेकबस आणि जॉनचा योहानेस झालेला. बहुतेक वह्या १८२० च्या आसपास सुरू होतात. गरीब पश्चिमेकडं आणखी उशिरा.

सरकारी जन्मनोंद सापडली तरी चर्चची नोंद बघावीच. कारण बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेली बाळं आयर्लंडमध्ये मुबलक आहेत! जन्म उशिरा नोंदवला तर दंड होता. मग बापानं कचेरीत जाऊन जन्मतारीखच पुढं ढकलायची. चर्चच्या वहीत खरी तारीख आधीच पडलेली असायची, ती कुणी ताडून पाहत नव्हतं.

आणि कुत्रे. मोकाट कुत्री मेंढ्या फाडतात म्हणून १८६५ मध्ये कायदा झाला आणि १८६६ पासून दरवर्षी परवाना सक्तीचा झाला: कुत्र्यामागं दोन शिलिंग आणि वर सहा पेन्स. वहीत मालकाचं नाव, टाउनलँड, कुत्र्याची जात, रंग, नर की मादी. ज्याच्याकडं मतदानाचा हक्क नव्हता, मृत्युपत्र करण्याइतकी मालमत्ता नव्हती, त्याच्याकडं कुत्रा होता. एकोणिसाव्या शतकातला एखादा शेतमजूर वर्षानुवर्षं फक्त या वहीत भेटतो, तपकिरी मेंढपाळी कुत्र्यासह. तालुक्याच्या छोट्या न्यायालयांच्या वह्याही अशाच रसाळ. गाढव दुसऱ्याच्या शेतात शिरलं, बाजारातून परतताना झिंगलेला सापडला, शेजारणीला शिव्या घातल्या. मला विचाराल तर राजेरजवाड्यांपर्यंत नेऊन भिडवलेल्या वंशवृक्षापेक्षा ही एक ओळ जास्त मोलाची.

इतकं खोदायचं कशासाठी? हौस हे एक उत्तर. दुसरं पासपोर्ट. आजी-आजोबांपैकी एक जण आयर्लंड बेटावर जन्मलेला असेल, तर परदेशात जन्मलेला नातू कागदपत्रं देऊन परदेशस्थ जन्मांच्या नोंदवहीत नाव घालू शकतो आणि आयरिश नागरिक होतो. उत्तर आयर्लंडमधला जन्मही चालतो. २०१६ मध्ये ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिल्यावर इंग्लंडातल्या पुष्कळांना एकाएकी आयरिश आजी आठवली. आजीचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला, आईचा जन्मदाखला, अशी साखळी जोडावी लागते. पणजीवर सहसा भागत नाही. जुन्या नोंदीवर आजचा हक्क उभा राहणं आपल्याला नवीन नाही. कुणबी नोंदींसाठी मोडीतली दफ्तरं कशी उपसली गेली ते २०२३ पासून आपण पाहतोच आहोत.

राजकारणातही वंशावळ लागते. १९२२ मध्ये तहावरून पेटलेल्या यादवीतल्या तहविरोधी गटातून त्यांचे नेते डी व्हॅलेरांनी १९२६ मध्ये फियाना फॉल पक्ष काढला. तहाच्या बाजूचे पुढं फिना गेल झाले. दोघांच्या आर्थिक धोरणांत फरक शोधायला भिंग लागे, पण आजोबा १९२२ मध्ये कुठल्या बाजूला होते त्यावरून घराचं मत पिढ्यान्‌पिढ्या ठरत आलं. दोन्ही पक्ष एकत्र सरकारात बसायला २०२० उजाडावं लागलं. आजोबा खरंच कुठं होते, हे तपासायलाही पेन्शनचेच कागद, या वेळी लढलेल्यांच्या पेन्शनचे. १९२४ च्या कायद्यात तहाच्या बाजूनं लढलेल्यांची सोय होती. डी व्हॅलेरा सत्तेत आल्यावर १९३४ मध्ये विरोधकांना आणि स्त्रियांच्या संघटनेलाही जागा मिळाली. प्रत्येकानं अर्जात लिहायचं: कुठं होतो, काय केलं, साक्षीला कोण. लष्करी अभिलेखागार या फायली टप्प्याटप्प्यानं खुल्या करत आहे. घरात सांगितल्या जाणाऱ्या शौर्यकथा आणि फायलीतला अर्ज जुळतातच असं नाही, आणि अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र घरात कुणाला ठाऊक नसतं.

या छंदाची सगळ्यात मोठी राजकीय घटना मात्र गॉलवे काउंटीतल्या ट्यूम गावची. तिथं १९२५ ते १९६१ या काळात नन चालवत असलेलं, अविवाहित मातांचं आणि त्यांच्या बाळांचं निवासगृह होतं. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहासाच्या हौशी अभ्यासक त्यावर एक लेख लिहायला बसल्या. तिथं मेलेल्या मुलांची यादी त्यांनी निबंधक कार्यालयाकडं मागितली. पदरचे पैसे घालून एकेक मृत्युदाखला मिळवला. नावं झाली ७९६. मग त्यांनी आसपासच्या दफनभूमींच्या वह्या ताडून पाहिल्या. मुलं त्यात नव्हती. मेल्याची नोंद आहे, पुरल्याची नाही. वंशावळ काढणाऱ्या कुणालाही खटकेल अशी साधी विसंगती. २०१४ मध्ये ही बातमी जगभर गेली आणि २०१५ मध्ये चौकशी आयोग बसला. जमिनीखालच्या कप्प्यांत लहान मुलांचे अवशेष असल्याचं २०१७ मध्ये सरकारी पातळीवर मान्य झालं. जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. २०२२ च्या कायद्यानं दत्तक गेलेल्यांना आपला मूळ जन्मदाखला मागण्याचा हक्क दिला, जो तोवर त्यांना सरळ मिळत नव्हता. जुलै २०२५ मध्ये ट्यूमला प्रत्यक्ष उत्खनन सुरू झालं.

तुमच्या सासरी-माहेरी, शेजारी किंवा कचेरीत कुणी आयरिश मुळांचा असेल आणि त्याला सुरुवात करून द्यायची असेल, तर पैसे मागणाऱ्या वंशवृक्षाच्या साइट्सवर आधी नेऊ नका. घरातल्या सगळ्यात वृद्ध माणसाकडून टाउनलँडचं, निदान पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीचं, नाव काढा. मग १९११ चं पान, मग १९०१ चं, दोन्हीतली वयं थोड्या संशयानं वाचत. मग जन्म-लग्नाच्या सरकारी नोंदी, मग पॅरिशची वही, मग ग्रिफिथ. हे सगळं नेटवर फुकट आहे. डब्लिनला जाणं झालं तर किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात वंशावळीचा सल्लाही फुकट मिळतो. उत्तरेच्या सहा काउंटींसाठी बेलफास्टचा दफ्तरखाना वेगळा आहे. कुत्र्यांचे परवाने मात्र वर्गणी भरून बघावे लागतात, आणि त्यातच रात्र जाते.